पलंगावरची नऊ बाय तीस

विष्णुपंतांच्या घरात कुंकवाला उंबऱ्याच्या आत मुभा होती; जिन्याच्या वर नव्हती.

आता तुळजापुरात राहून कुंकवाला बंदी घालायची म्हणजे गुऱ्हाळात राहून माश्यांना बंदी घालण्यासारखं. या गावात कुंकू नुसतं कपाळावर नसतं. ते रिक्षाच्या हँडलला असतं, एटीएमच्या बटणांवर असतं, चहाच्या कपाच्या कानाला असतं. सकाळी गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढराच उतरेल याची हमी गावात कुणी देत नाही. पण विष्णुपंतांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्याशी बादली, साबण आणि टॉवेल ठेवला होता, आणि घरचं माणूससुद्धा हात धुतल्याखेरीज वर जाऊ शकत नसे. साथीच्या वर्षी सगळं जग हात धुवायला लागलं तेव्हा सरोजिनीबाई शेजारणींना म्हणाल्या की आमच्याकडं ही साथ लग्नापासून आहे.

घराणं पुजाऱ्याचं. ठरलेल्या गावांचे ठरलेले यजमान पिढ्यान् पिढ्या याच घरी उतरायचे. खालचे दोन मजले त्यांच्यासाठी. त्यांच्या पूजा-अभिषेकाचं काम मुलगा वरद बघायचा, जेवणाखाणाचं सरोजिनीबाई आणि सून वैदेही. विष्णुपंत मात्र तरुणपणीच सोवळं सोडून शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. साऱ्या हयातीत त्यांनी पोरांकडून भेंडीचे ठसे उमटवून घेतले आणि उरलेल्या वेळात ते घाबरले. घाबरायला त्यांना कारण लागत नसे. पण कारण असलं की त्यांना जरा बरं वाटे.

आणि कारण तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात होतं.

झालं होतं असं. नोकरीच्या सुरुवातीला विष्णुपंत शिक्षकांच्या एका शिबिरासाठी पुण्याला गेले होते. तिथं त्यांना हाल्मबेर्ग नावाच्या जर्मन चित्रकाराचं प्रदर्शन बघायला मिळालं. हा हाल्मबेर्ग तिकडं फार मोठा माणूस. दोन पिढ्यांच्या चित्रकारांना त्यानं आपल्या नादी लावलं होतं. आणि काढायचा काय, तर दगड. त्याच्या गावच्या शेतातले, बांधावरचे, साधे दगड. एका कागदावर एक दगड, भोवती भरपूर पांढरं. विष्णुपंत एका दगडासमोर इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्यानं त्यांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. बालाघाटच्या डोंगरातला माणूस, जन्मभर दगडांत वावरलेला. पण दगडाकडं असं बघायचं असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. प्रदर्शनाबरोबर आलेल्या एका बाईंनी सांगितलं की हाल्मबेर्गच्या गावात एक कलामंडळ आहे, सभासदांना दरवर्षी त्याच्या सहीचा एक छाप मिळतो. विष्णुपंत सभासद झाले. बाकीचे सगळे ऱ्हाईन नदीकाठचे, एक तेवढा तुळजापूरचा.

तेव्हापासून वर्षातून एकदा पोस्टमन पुठ्ठ्याचं लांब नळकांडं घेऊन यायचा. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना वाटलं, गुरुजींनी दुर्बीण मागवली.

आत एक शिळाछाप असायचा. म्हणजे चित्रकार गुळगुळीत शिळेवर चित्र काढतो, तिच्यावरून मोजके छाप घेतो आणि मग शिळेवरचं चित्र घासून टाकतो, की पुन्हा छाप निघायला नको. प्रत्येक छापाखाली पेन्सिलीनं सही करतो आणि कितीपैकी कितवा ते लिहितो. विष्णुपंतांच्या सगळ्यांत लाडक्या दगडाखाली लिहिलं होतं: नऊ बाय तीस. सरोजिनीबाईंनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या की तीसपैकी नऊ म्हणजे नापास; मास्तरच्या घरात नापासांचे कागद इतके जपून ठेवलेले त्या पहिल्यांदाच बघत होत्या. हाल्मबेर्गला त्या ‘तुमचे हळबे’ म्हणायच्या.

ते कागद घरात आले आणि विष्णुपंतांच्या भीतीला हक्काची जागा मिळाली. कसर लागेल, पाल पडेल, ऊन लागेल, टाकी फुटून पाणी झिरपेल. नवरात्रात गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी संबळ वाजवत, हातात तेलाचा पेटता पोत घेऊन गल्लीतून निघाले की विष्णुपंत वरच्या खिडक्या लावून आतून त्यांना पाठ लावून उभे राहायचे. लोक देवीला हात जोडायचे, हे ठिणगीला. चित्रं भिंतीवर लावायची तर प्रश्नच नव्हता. नळकांड्यात आली तशी ती नळकांड्यातच ठेवलेली होती, कारण बाहेर काढून सपाट ठेवायचा धीर होत नव्हता. सरोजिनीबाई म्हणायच्या की बायकांचे दागिने निदान लग्नाकार्याला तरी बाहेर येतात.

गेल्या वर्षी हाल्मबेर्ग वारला. विष्णुपंतांनी आंघोळ केली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. आणि यंदा भाद्रपदात कलामंडळाच्या चिटणीस बाईंचा वैदेहीच्या मोबाइलवर फोन आला. त्याच्या स्मरणार्थ मोठं प्रदर्शन भरणार होतं. दगडांची सगळी मालिका एकत्र लावायची होती. पण एक दगड मिळत नव्हता. मंडळाकडचा छाप तळघरात पुराचं पाणी शिरून गेला, बाकीचे कुणाकडं आहेत त्याचा पत्ता लागेना. तुमच्याकडं आहे का? प्रदर्शनापुरता द्याल का?

तो दगड म्हणजे नऊ बाय तीस.

चिटणीस बाईंनी विचारलं की कागदावर डाग वगैरे नाहीत ना. विष्णुपंत खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले की एकसुद्धा नाही. इतक्या वर्षांत कुणी हे विचारलंच नव्हतं. चित्राखाली पाटी लागणार होती, संग्रह अमुक, तुळजापूर. कपाट बघून हसलेल्या प्रत्येकाला आता एकाच वाक्यात उत्तर मिळणार होतं. फोन ठेवला आणि पुढच्याच क्षणी त्यांनी जीभ चावली. एकसुद्धा डाग नाही, हे आपण मोठ्यानं बोललो. आपणच आपल्या चित्राला दृष्ट लावली.

पुढची अडचण अशी की चित्र गुंडाळून नव्हे, सपाट पेटीत पाठवायचं होतं. पेटी न्यायला सोलापूरहून माणूस येणार होता तो कोजागरीनंतर लगेच. म्हणजे दसरा झाला की चित्र नळकांड्यातून काढून काही दिवस पसरून ठेवायला हवं होतं, नेमकं गावात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते त्या दिवसांत. विष्णुपंतांनी तारीख पुढं ढकलायची विनंती केली. तिकडच्या तारखा पक्क्या होत्या, आणि देवीच्या तर त्याहून पक्क्या.

हे दिवस तुळजापुरात देवीच्या झोपेचे. नऊ रात्री लढून देवी दमते, म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. पौर्णिमेपर्यंत ती झोपते. आसपासच्या गावांतल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. आई निजलीय, म्हणून बायका या दिवसांत आपसूक हळू बोलतात.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पलंग रिकामा केला. गादीवर फळी ठेवली, फळीवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर, श्वास रोखून, नऊ बाय तीस उलगडलं. कागदाच्या कडा उचलायला लागल्या म्हणून दोन्ही बाजूंना मऊ लोड लावले. धूळ बसू नये म्हणून वरून पांढरं मलमल पांघरलं. पाल पडू नये म्हणून मच्छरदाणी बांधली. कसर लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांत कापूर ठेवला. दाराबाहेर पाटी लावली: ‘चपला बाहेर काढा.’ आणि जिन्यात कुणाचा आवाज चढला की ते स्वतः बाहेर येऊन बोट ओठावर ठेवायचे, कारण मोठ्यानं बोललं की खिडकीची तावदानं थरथरतात आणि वरची धूळ सुटते, असं त्यांचं मत होतं.

दिवसातून एकदा ते मलमल छातीपर्यंत खाली घेऊन कागदाला हवा लागू द्यायचे. दगडाला छाती नसते. पण पांघरूण तिथपर्यंत आलं की तसंच म्हणावंसं वाटायचं. काळा, उभट, खडबडीत दगड. वरच्या भागात दोन फिकट डाग, जवळजवळ. हाल्मबेर्गला ते शेवाळ दिसलं असेल.

आपण काय करून ठेवलंय हे विष्णुपंतांच्या ध्यानात आलं नाही. भ्यायलेल्या माणसाला चारी दिशा दिसतात, समोरचं तेवढं दिसत नाही.

कोजागरीच्या आदल्या दिवशी घर फुटायला आलं. सोलापूरहून चालत येणारे येतच होते, त्यात बेंबळीचे यजमान आले. त्यांच्यात धुरपदाबाई होत्या. साठी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी टेकीला आलेल्या, पण दर साली येणाऱ्या. यंदा त्या जेवल्याच नाहीत. सरोजिनीबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, दर्शन झाल्यावर जेवीन. दुपारी मंडळींबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, अर्ध्यावर चक्कर आली, आणि कुणीतरी त्यांना धरून परत घरी आणून बसवलं.

त्याच वेळी विष्णुपंत सुताराकडं पेटीचं झाकण घासून घ्यायला गेले होते. खोलीला कुलूप घालूनच गेले होते. पण खाली गाद्या कमी पडल्या, जादा गाद्या त्या खोलीच्या माळ्यावर, आणि चावी वैदेहीकडं. तिनं खालीच मोरीत हात धुतले, चपला काढल्या, पाय न वाजवता आत गेली, पलंगाला धक्का न लावता गाद्या काढल्या. दोन्ही हातांत गाद्या घेतल्यावर दार लावायला मात्र तिसरा हात नव्हता.

विष्णुपंत परत आले तेव्हा बादलीतलं पाणी जसंच्या तसं होतं. त्यांना बरं वाटलं. ते जिना चढायला लागले आणि वळणावरच्या पायरीवर त्यांना तांदळाचा दाणा दिसला.

त्यांनी तो उचलला. तांदूळ आहे, कुणाच्या पदरातून पडला असेल. वरच्या पायरीवर आणखी दोन होते. त्यांतल्या एकाला पिवळं लागलं होतं. हळद. स्वप्नात पळताना होतं तसं झालं. जिना तोच, पायऱ्या त्याच, पण चढायचं म्हणजे काय करायचं हे पायांना आठवेना. पुढं कठड्यावर, लाकडी मुठीच्या जरा खाली, लाल बोट पुसलेलं होतं. खाली संबळ वाजत होता, पोरं ओरडत होती, आणि वर मात्र इतकं शांत होतं की आपल्याच कानातलं रक्त त्यांना ऐकू यायला लागलं. दार उघडं होतं. दाराबाहेर पाटीखाली, नीट जोडीनं, दोन चपला काढून ठेवलेल्या होत्या.

आत धुरपदाबाई जमिनीवर बसल्या होत्या, हात जोडून, डोळे मिटून. मच्छरदाणी एका बाजूनं वर खोचलेली. मलमलावर नारळ, खण, मूठभर तांदूळ. दगडाच्या वरच्या भागात, दोन फिकट डागांच्या मधोमध जरा वर, हळद आणि तिच्यावर अंगठ्यानं लावलेलं कुंकू. आणि खाली, पायांशी मलमल जरा सरकलं होतं तिथं, हाल्मबेर्गच्या सहीच्या शेजारी पांढऱ्या कागदावर एक गोल लाल ठसा. धुरपदाबाईंनी पायांवर डोकं टेकवलं होतं. घामेजल्या कपाळावरचं कुंकू कागदावर उमटलं होतं, नऊ बाय तीसच्या अगदी जवळ.

विष्णुपंतांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. धुरपदाबाईंनी डोळे उघडले आणि ओठावर बोट ठेवलं.

“हळू, गुरुजी. झोप मोडंल.”

विष्णुपंतांनी दाराची चौकट धरली.

“रांगंत न्हाय झेपलं मला,” धुरपदाबाई कुजबुजत म्हणाल्या. “खाली परसाकडंला गर्दी, म्हनून वर कुठं जागा हाय का बगाया आले, तर कापराचा वास आला. म्हनलं, आई हितंच निजलीया. तिनंच बोलावलं म्हना की.” मग त्या थांबल्या. “शिवांजलीला आठवा लागलाय. दोन बारीला हातचं गेलं, गुरुजी. दोनी बारीला आठव्यातच. लई भ्या वाटतंय.”

शिवांजली ही त्यांची एकुलती लेक. दिवस भरत आले म्हणून माहेरी आलेली.

विष्णुपंतांना सांगायचं होतं की ही देवी नाही. हा जर्मनीतला दगड आहे, तोही कागदावरचा. त्यांनी तोंड उघडलं. समोरच्या बाईच्या हातांचा थरकाप त्यांच्या ओळखीचा होता. तो ते रोज आपल्या हातांत बघत होते. आणि तोंडातून आलं ते असं की डॉक्टर काय म्हणतात.

“म्हनत्यात, बघू. म्या नवस बोललेय. पोरगी सुखरूप सुटली की हिचीच वटी भरीन. हितंच येऊन.” त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, पलंगाला पुन्हा हात जोडले आणि मलमल नीट वर ओढून, मच्छरदाणी सोडून, पाय न वाजवता खाली गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या.

वैदेही दारात उभी राहून रडत होती. विष्णुपंत तिला रागावले नाहीत. रागवायला जी ताकद लागते ती जिन्यातच राहिली होती. त्यांनी तांदूळ एकेक करून वेचला. मग कपाटातून मऊ कुंचला काढला, सुनेला कणीक मळून आणायला सांगितली. चित्रकलेच्या शिक्षकाला कागदावरचा रंग उचलायचा कसा हे सांगावं लागत नाही. मऊ कणकेची गोळी हलकेच टेकवायची आणि उचलायची. सगळं नाही, पण बरंचसं निघेल. त्यांनी गोळी हातात घेतली, चष्मा पुसला, वाकले.

“पुसताय?” सरोजिनीबाईंनी मागून विचारलं.

त्या एका शब्दानं विष्णुपंतांचा हात वरच्या वर राहिला. कुंकू पुसणं. या घरात, या गावात, या दिवसांत तो शब्द कुणी उच्चारत नसे.

“चित्र आहे हे, सरोजिनी. परवा पेटी जाणार.”

“मला माहीत आहे चित्र आहे ते. पण कुंकू तर खरं आहे ना? आठवा महिना आहे त्या पोरीला.” त्या एवढंच बोलल्या आणि खाली गेल्या, कारण खाली पन्नास माणसांचा भात शिजत होता.

विष्णुपंतांचा नवसावर विश्वास नव्हता. ते तसं शाळेत उघड बोलायचे. पण भीतीवर त्यांची श्रद्धा होती, आणि भीती त्यांना आता दोन्हीकडून धरून होती. पुसलं नाही तर मंडळाला काय तोंड दाखवायचं? एकसुद्धा डाग नाही म्हणाला होतात ना, गुरुजी? पुसलं, आणि तिकडं बेंबळीत काही झालं तर? काही संबंध नाही, हे त्यांना कळत होतं. पण ते झालं तर जन्मभर आपण या कागदाकडं बघू शकणार नाही, हेही कळत होतं. कणकेची गोळी हातातल्या हातात वाळायला लागली. शेवटी त्यांनी ती खिडकीत चिमण्यांसाठी ठेवली.

मग त्यांनी वैदेहीला जर्मनीचा फोन लावायला सांगितला. चित्र दिसेल असा.

चिटणीस बाईंनी पडद्यावर तो लाल ठसा पाहिला. मग त्यांनी एका चष्मेवाल्या तरुणाला बोलावलं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्यानं निरखून पाहिलं आणि सांगितलं की हे सहज निघेल, मागमूससुद्धा उरणार नाही. पाठवून द्या, आम्ही करतो.

म्हणजे सुटका. पुसायचं पाप आपल्या हातानं करायला नको, आणि चित्र कोरं करकरीत. विष्णुपंतांना हवं ते सगळं त्या पोरानं ताटात वाढून दिलं होतं. आणि त्यांनी स्वतःलाच नाही म्हणताना ऐकलं. का ते त्यांना इंग्रजीत सांगायचं होतं. त्यांचं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. वैदेही मदतीला आली. एक बाई आहेत, त्यांची मुलगी आहे, आठवा महिना, याआधी दोनदा असं झालंय. तोवर हे पुसायचं नाही. कुणीच नाही. पुसणार असाल तर चित्र येणार नाही.

हे म्हणताना ती पाटी, संग्रह अमुक, तुळजापूर, ते आपल्याच हातानं उतरवत होते.

चिटणीस बाईंनी चष्मा काढला. तोवर म्हणजे कधीपर्यंत, एवढंच त्यांनी विचारलं. बाळंतपणापर्यंत, वैदेही म्हणाली. त्या तरुणाशी जर्मनमध्ये थोडं बोलल्या आणि म्हणाल्या की ठीक आहे, काचेआड लावू, हात लावणार नाही. विष्णुपंतांनी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पेटी गेली, आणि विष्णुपंतांच्या भीतीनं कूस बदलली. इतकी वर्षं ते कुंकवाला भीत होते. आता ते कुंकवासाठी भ्यायला लागले. जर्मन माणूस स्वच्छतेचा भोक्ता. एखादी झाडूवाली बाई काच काढून पुसेल. तो चष्मेवाला पोरगा भल्या मनानं रविवारी येऊन काम उरकेल. दर आठवड्याला ते वैदेहीला फोन लावायला सांगायचे आणि एकच गोष्ट विचारायचे. चिटणीस बाई शेवटी नमस्काराऐवजी ‘कुंकू आहे’ असंच म्हणायला लागल्या.

आणि बेंबळीहून धुरपदाबाईंचा फोन यायचा. आई कशी हाय? पौर्णिमा झाली, देवळातली आई उठून सिंहासनावर बसली. तुमची उठली का?

विष्णुपंतांना खोटं बोलायची भीती वाटायची आणि खरं बोलायची त्याहून. “उठली. बाहेरगावी गेलीय.”

पलीकडं बराच वेळ कोंबड्यांचा आवाज आला. मग धुरपदाबाईंनी विचारलं, “कुनाकडं?”

“ओळखीचे लोक आहेत. चांगलं बघतात.”

“कुंकू पुसलं न्हाय ना कुनी?”

“नाही. मी विचारत असतो.”

कार्तिकात प्रदर्शन उघडलं. फोटो आले. पांढऱ्या भिंतीवर बारा दगड ओळीनं, आणि अकराव्याच्या कपाळावर कुंकू. शेजारी पाटी: संग्रह अमुक, तुळजापूर, मालकाच्या विनंतीवरून डाग तसाच ठेवला आहे. वरदनं फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. विष्णुपंतांनी पाटी वाचलीच नाही. त्यांनी कपाळ बघितलं, पाय बघितले, आणि मोबाइल परत दिला.

मार्गशीर्षात एका सकाळी फोन वाजला. बेंबळीचा नंबर. वैदेहीनं तो सासऱ्यांच्या हातात दिला. पलीकडून नुसतं रडणं येत होतं. विष्णुपंतांनी हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं. रडणं थांबेना. कुणीतरी पुसलं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. कुणीतरी तिकडं पुसलं आणि मला सांगितलं नाही.

“पोरगी झाली,” धुरपदाबाईंना शेवटी शब्द सापडले. “दोगी बऱ्या हायत, गुरुजी. काल धाराशिवला, दवाखान्यात.”

विष्णुपंत मागं सरकून पलंगावर बसले. फळी अजून तशीच होती, ती टोचली, तरी बसून राहिले.

आता तिकडं कळवून टाका, काय पुसायचं ते पुसा म्हणावं, असं सरोजिनीबाई म्हणाल्या. वैदेहीनं नंबरही काढला. विष्णुपंत म्हणाले की सव्वा महिना तरी जाऊ दे. सव्वा महिना गेला तेव्हा म्हणाले, बारीक पोर आहे, थंडी आहे, थंडी जाऊ दे. थंडी गेली, प्रदर्शन संपलं, आणि चित्र आलं तेव्हा कुंकू कागदावर होतं तिथं होतं. मंडळानं काचेची चौकट तशीच भेट दिली होती. पहिल्यांदाच विष्णुपंतांच्या घरात हाल्मबेर्ग भिंतीवर लागला. काच होती ना, आता भीती कशाची.

चैत्री पौर्णिमेला धुरपदाबाई आल्या. कडेवर नात, मागं लेक शिवांजली, दमलेली आणि हसरी. देवळात जाऊन आल्या आणि तडक वर. बादलीशी थांबून त्यांनी हात धुतले, चपला काढल्या. भिंतीवर चित्र बघून हात जोडले.

“बसली का आई,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. निजून निजून अंग दुखतं.”

खण, नारळ, तांदूळ चौकटीखाली ठेवून त्यांनी ओटी भरली. मग ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला, हात वर नेला आणि तो काचेपाशी थांबला.

“काचंवर लावू व्हय? आत पोचंल का?”

नातीनं हात पुढं करून चौकटीचा कोपरा धरला होता. शिवांजली म्हणाली, आई, राहू दे की, वरनंच लाव. धुरपदाबाई अंगठा तसाच धरून उभ्या होत्या. त्यांनी मागितलं काहीच नव्हतं. फक्त विष्णुपंतांकडं बघितलं, आणि त्या बघण्यात आश्विनातली ती दुपार जशीच्या तशी होती.

विष्णुपंतांनी चौकट भिंतीवरून उतरवली. पलंगावर उपडी ठेवली. मागच्या खिट्ट्या त्यांना फिरवेनात; त्या सरोजिनीबाईंनी फिरवल्या. काच निघाली. नऊ बाय तीस उघडं झालं, कापूर नाही, मच्छरदाणी नाही, आणि खोलीत एक तान्हं मूल आणि एक ताटभर कुंकू.

“जरासंच लावा, धुरपदाबाई,” ते म्हणाले.

“जरासंच,” धुरपदाबाई म्हणाल्या.

आणि विष्णुपंतांनी डोळे मिटून घेतले. कांकणं वाजली. काहीतरी टेकलं आणि उचललं, कणकेच्या गोळीसारखं.

“कुठं लागलं?” डोळे न उघडता त्यांनी बायकोला विचारलं.

“होतं तिथंच,” सरोजिनीबाई म्हणाल्या.